टेरा आल्टाच्या डांबरी पट्ट्यावर विजेते चालक हात आखडता का घेतात?

घाटवाट

स्पेनमधील कातालुन्या रॅलीची जुनी चित्रणे सध्या ओळीने पाहत आहे आणि त्यातली एक गोष्ट मला काही केल्या पटत नाही. 2010 ते 2019 या काळात जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेची ही फेरी मिश्र पृष्ठभागावर होत असे. बहुतेक वर्षी सुरुवातीचा दिवस माती-खडीच्या रस्त्यांवर जाई, मग रात्री सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे संघांच्या दुरुस्तीच्या तळावर, 75 मिनिटांत सस्पेन्शन, ब्रेक आणि चाके बदलून तीच गाडी डांबरासाठी सज्ज केली जाई, आणि उरलेले दोन दिवस डांबरी रस्त्यांचे असत. मात्र खडीच्या दिवशीही टेरा आल्टासारख्या 35 किमीहून लांब स्टेजमध्ये, म्हणजे वेळ मोजल्या जाणाऱ्या टप्प्यात, मधूनमधून डांबराचे लांब पट्टे येत, आणि ते खडीच्याच टायरवर पार करावे लागत.

गाडीच्या आतून केलेले चित्रण पाहिले तर खडीवर जिवावर उदार होऊन गाडी हाकणारा चालक नेमका डांबरावर, म्हणजे जिथे पकड जास्त मिळायला हवी तिथेच, सावध झालेला दिसतो. वळणात गाडी घसरू देत नाही, ॲक्सिलरेटर हळूहळू उघडतो, आणि पुन्हा खडी लागली की पूर्ववत होतो. समालोचक दर वेळी सांगतात की टायर तापू नयेत म्हणून हे चालले आहे. मला ही सोयीची सबब वाटते. खरे कारण खडीसाठी लावलेले उंच आणि मऊ सस्पेन्शन असावे, कारण त्यावर डांबरी वळणात गाडी डुलते आणि चालकाला विश्वास वाटत नाही. वीस-बावीस मिनिटांच्या स्टेजमध्ये टायर निकामी होण्याइतके तापतात हे कसे मान्य करावे? भर मे महिन्यात आपल्या गाड्या मुंबईहून नाशिकला तीन-चार तास धावतात आणि टायरला काहीही होत नाही. जाणकारांनी आपले मत मांडावे.

मुरूम

मे महिन्यात कसारा घाट चढताना टायरआधी चालक तापतो, त्यामुळे टायरकडे कुणाचे लक्ष जात नसावे.

शून्य_कॅम्बर

घाटवाट, महामार्गावरच्या टायरशी केलेली तुलना इथे लागू पडत नाही. सरळ रस्त्यावर स्थिर वेगाने फिरणारा टायर फक्त स्वतःच्या आकारातील बदलामुळे तापतो. रस्त्याला टेकणारा भाग दाबला जातो, पुढच्या क्षणी मोकळा होतो, आणि रबर आपल्याला दिलेली सगळी ऊर्जा परत देत नसल्यामुळे राहिलेला भाग उष्णतेत जातो. ही उष्णता मर्यादित असते आणि वाऱ्याबरोबर निघूनही जाते. रॅलीच्या टायरमध्ये याच्या जोडीला रबर रस्त्यावर घासटत जाण्याची उष्णता येते, आणि तिचे प्रमाण पहिलीपेक्षा कितीतरी मोठे असू शकते.

ऊर्जा स्वतःकडे ठेवून घेण्याच्या याच गुणामुळे रबर रस्त्याला धरते. कंपाउंड, म्हणजे टायरच्या रबराचे मिश्रण, जितके मऊ तितकी पकड चांगली आणि तितकीच तापण्याची घाईही मोठी. प्रत्येक कंपाउंडला तापमानाची एक पट्टी मानवते. तिच्या खाली रबर ताठ राहते आणि गाडी बर्फावर असल्यासारखी सरकते. तिच्या वर गेले की पृष्ठभाग चिकट आणि दुबळा होतो, त्याचे कण सुटू लागतात आणि पकड घसरते.

आता खडीचा टायर आणि डांबराचा टायर शेजारी ठेवून पाहा. सर्वोच्च गटातील गाड्यांना खडीसाठी 15 इंची रिमवर 205/65 मापाचा टायर असतो आणि डांबरासाठी 18 इंची रिमवर 235/40 मापाचा. डांबराच्या टायरची नक्षी मोजक्या खाचांची असते, बाकी सगळे रबर रस्त्याला टेकते. खडीच्या टायरला मात्र उंच, सुटे ठोकळे असतात, आणि त्यांच्यातल्या मोकळ्या जागेतून माती बाहेर फेकली जाते. हे ठोकळे डांबरावर आले की प्रत्येक वळणात मुळापासून वाकतात. खोडरबर आडवे धरून घासले तर ते टिकते आणि कोपऱ्यावर उभे धरून घासले तर त्याचे तुकडे पडतात, तसेच हे आहे.

प्रा_घर्षण

वरील प्रतिसादाला थोडी आकडेमोड जोडतो. आकडे गृहीत धरलेले आहेत, तरी प्रमाणाचा अंदाज त्यातून येईल.

चालक आणि सहचालक धरून गाडीचे वजन 1400 किलो आणि डांबरावर खडीच्या टायरचा घर्षणांक 0.9 मानू. वळणात चारही टायरवर मिळून सुमारे 12,300 न्यूटन इतके आडवे बल येईल. गाडी ताशी 72 किमी, म्हणजे सेकंदाला 20 मीटर वेगाने जात आहे आणि टायरची दिशा प्रत्यक्ष प्रवासाच्या दिशेपेक्षा 8 अंशांनी वेगळी आहे असे समजा. मग रबर रस्त्यावर आडवे घासटण्याचा वेग सेकंदाला 2.8 मीटर येतो, आणि बल गुणिले वेग केले की सुमारे 34 किलोवॅट उष्णता तयार होते. चालकाने प्रेक्षकांच्या टाळ्यांसाठी गाडी आणखी आडवी केली आणि हा कोन 16 अंश झाला, तर उष्णता 68 किलोवॅटच्या आसपास जाते. पकड मात्र दुप्पट होत नाही, कारण ती आधीच कळसाला पोहोचलेली असते. पुढे ती उलट थोडी कमीच होते.

म्हणजे डांबरावर गाडी नीटस ठेवणारा चालक वेगात फारसे काही गमावत नाही आणि उष्णता मात्र निम्म्यावर आणतो. चित्रणात घाटवाट यांना जो आखडता हात दिसतो तो बऱ्याच अंशी घसरणीतला आखडता हात असावा. पाहणाऱ्याला घसरण कमी झाली की वेग कमी झाल्याचा भास होतो.

घाटवाट

आकडेमोडीबद्दल आभार, परंतु तिच्यातूनच माझी शंका बळावते. खडीवर तर गाड्या 16 अंशांहून कितीतरी अधिक आडव्या जातात. घसरणीचा कोन वाढला की उष्णता वाढते हा नियम खरा असेल तर खडीवर टायर उकळायला हवेत. तिथे ते का तापत नाहीत?

शून्य_कॅम्बर

खडीवर जमीनच हलते म्हणून. वरचा सैल थर ठोकळ्याबरोबर सरकतो, मागे फेकला जातो आणि घासटण्यातली बरीचशी ऊर्जा स्वतःबरोबर घेऊन जातो. घर्षणांकही तिथे कमी असल्यामुळे बल कमी, म्हणून गुणाकारही कमी. शिवाय ठोकळ्यांच्या फटींत सतत नवी, थंड माती येते. डांबर तसूभरही सरकत नाही, त्यामुळे जे काही सरकायचे ते रबरालाच सरकावे लागते.

हा फरक एकाच खडीच्या रस्त्यावरही दिसतो. बहुतेक रॅलींमध्ये सकाळी केलेल्या स्टेज दुपारी पुन्हा करतात. सकाळी पहिल्या गाड्या सैल खडी झाडून काढतात. दुपारपर्यंत गाड्या जातात त्या रेषेवर टणक थर आणि उघडे दगड राहतात. सार्डिनिया किंवा ग्रीसमधील अक्रोपोलिससारख्या उन्हाळी रॅलींत म्हणूनच दुपारच्या फेरीला कठीण कंपाउंडकडे कल असतो. ऊन हे एक कारण आहेच, पण झाडून निघालेला रस्ता गुणधर्माने डांबराच्या जवळ गेलेला असतो हेही तितकेच मोठे कारण आहे.

सालोउकर

माझे वास्तव्य तारागोना प्रांतात असल्यामुळे या रॅलीच्या दिवसांत सालोउ येथील सर्व्हिस पार्कपर्यंत जाणे मला सहज जमत असे, आणि टेरा आल्टाच्या डोंगरांतही मी अनेकदा उभा राहिलो आहे. चित्रणात कळत नाही अशा दोन गोष्टी सांगतो.

पहिली आवाजाची. खडीचा टायर डांबरावर चढला की त्याचा सूर बदलतो. ठोकळे रस्त्यावर आपटल्याची एक जाड घरघर ऐकू येते, आणि वळणात ती घरघर किंचाळीत बदलली की चालक टायरवर अन्याय करत आहे हे दुरूनही ओळखता येते. आघाडीच्या तीन-चार चालकांकडून ती किंचाळी क्वचितच ऐकू येई. मागच्या क्रमांकांवरचे हौशी चालक आले की मात्र अख्खी दरी दणाणून जाई आणि प्रेक्षक मनापासून दाद देत.

दुसरी गोष्ट रस्त्याची. पंचवीस-तीस गाड्या गेल्यावर वळणाच्या बाहेरच्या कडेला रबराचे बोटाएवढे तुकडे पडलेले सापडत. ते झिजलेले नसून तुटलेले असत, कारण एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी फाटल्यासारखी असे. शून्य_कॅम्बर म्हणतात ते मुळापासून वाकणे त्या तुकड्यांवर स्पष्ट दिसे.

निळा_धूर

एवढ्या एकमताने चर्चा चालू असलेली पाहून विरोधी सूर लावणे कर्तव्य ठरते.

टायर तापतात याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यामुळे निकाल किती बदलतो याचा. रॅलींचा इतिहास पाहा. 2019 मध्ये कोर्सिका येथे एल्फिन एव्हान्स शेवटच्या स्टेजला आघाडीवर असताना टायर पंक्चर होऊन मागे पडला आणि थिएरी नूव्हिल जिंकला. 2024 मध्ये सार्डिनियात सेबास्तियन ओजिए अखेरच्या स्टेजला 6.2 सेकंदांची आघाडी घेऊन उतरला, त्याचाही टायर गेला आणि ओट तानाकने रॅली 0.2 सेकंदाने जिंकली. ही दोन्ही उदाहरणे पंक्चरची आहेत. टायर तापल्यामुळे हातातली रॅली गेली असे तितके ठळक उदाहरण मला कुणी दाखवावे. चालक डांबरी पट्ट्यावर सावध होतो तो कडेच्या दगडाला, आणि खडीवरून डांबरावर चढताना जी धारदार कड असते तिला भिऊन, असे माझे मत आहे.

वळणवेडी

निळा_धूर, तुम्ही पंक्चर आणि उष्णता ही दोन वेगळी प्रकरणे मानता, पण टायरमधील हवा त्यांना जोडते.

टायर भरताना हवेचे तापमान 25 अंश आणि दाब 26 पीएसआय आहे असे धरू. स्टेज संपेपर्यंत आतली हवा 85 अंशांपर्यंत गेली तर वायूच्या साध्या नियमाने दाब सुमारे 34 पीएसआय होतो. दाब वाढला की टायर फुगतो, मधला पट्टाच रस्त्याला टेकतो, पकड कमी होते आणि तो मधला पट्टा आणखी तापतो. हे टाळावे म्हणून संघ सुरुवातीला दाब कमी ठेवतात. मग स्टेजच्या पहिल्या किलोमीटरांत, टायर थंड असताना, त्याची बाजूची भिंत मऊ राहते आणि दगडावर आदळली की रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटीत सापडून फाटते. चालक किती उष्णता निर्माण करणार याचा अंदाज चुकला तर एका बाजूला पकड जाते आणि दुसऱ्या बाजूला टायर. ब्रेकचीही यात भर पडते. खडीसाठीच्या 15 इंची रिममध्ये ब्रेकच्या तबकड्या दाटीवाटीने बसवलेल्या असतात आणि त्यांची उष्णता रिममधून आतल्या हवेला मिळते.

पूर्वी या तणावातून एक सुटका होती. टायरच्या आत फेसासारखा भराव असे, त्याला मूस म्हणत, आणि हवा गेली तरी त्याच्या आधारावर गाडी जवळपास त्याच वेगाने पुढे जाई. 2008 मध्ये पिरेली एकमेव पुरवठादार झाली तेव्हा तो भराव बंद झाला. तेव्हापासून दाबाचा निर्णय अधिक नाजूक झाला आहे.

मुरूम

म्हणजे पेट्रोल पंपावर "हवा चेक करू का साहेब" म्हणणाऱ्या पोराला आपण आजवर उगाचच नाही म्हणत आलो.

जुनी_जिप्सी

मी राष्ट्रीय मालिकेतील रॅलींत काही वर्षे सर्व्हिसच्या कामाला होतो. नाशिकची रॅली ऑफ महाराष्ट्र, चिक्कमगळूरूची कॉफीच्या मळ्यांतली रॅली आणि कोइंबतूर या तिन्ही ठिकाणी टायर वेगवेगळ्या कारणांनी मरतो. चिक्कमगळूरूला सावली आणि ओलावा असतो, तिथे टायर तापण्याऐवजी चिखलाने भरतो. नाशिककडच्या मुरमाड रस्त्यांवर दुसऱ्या फेरीला वरचा थर निघून जातो आणि खालचा कातळ वर येतो. शून्य_कॅम्बर यांनी सार्डिनियाचे जे वर्णन केले ते मला इथेच पाहायला मिळाले.

वळणवेडी यांनी दाबाचा मुद्दा काढला म्हणून एक प्रसंग सांगतो. एका संघाची गाडी स्टेज संपवून आली तेव्हा टायरचा दाब ठरवलेल्या आकड्यापेक्षा बराच वर गेला होता. त्यांच्या माणसांनी गरम टायरमधूनच हवा सोडून तो आकडा पुन्हा थंड टायरच्या दाबावर आणला. पुढची स्टेज काही कारणाने लांबली, गाडी रांगेत उभी राहिली, टायर निवले आणि दाब आणखी खाली गेला. स्टेजच्या सुरुवातीच्या एका नाल्याच्या कडेवर पुढचा टायर रिमवरून निखळला. गरम टायरला गरम टायरचाच आकडा लावायचा असतो आणि पुढच्या स्टेजपर्यंत किती वेळ जाणार हेही हिशेबात धरायचे असते. मोठ्या संघांकडे यासाठी अभियंता असतो, आपल्याकडे एक दाबमापक आणि चार मते असतात.

आणखी एक. आपल्या मालिकेतील खाजगी स्पर्धकांना नवे टायर हवे तितके परवडत नाहीत. एकदा जास्त तापून गेलेला टायर दुसऱ्या दिवशी दिसायला ठीक असला तरी त्याचे रबर कडक झालेले असते. नखाने दाबून फारसे समजत नाही, त्यासाठी काठिण्यमापक लागतो. असा टायर पुन्हा लावला की चालक म्हणतो गाडी वळत नाही, आणि मग सस्पेन्शनमध्ये बिघाड शोधण्यात संध्याकाळ जाते.

दूरदर्शक

निळा_धूर यांनी ठळक उदाहरण मागितले आहे. कातालुन्याचेच देतो.

2018 मध्ये सेबास्तियन लोएब अंशकालीन चालक म्हणून सिट्रोएन घेऊन उतरला होता, वय 44. रविवारी सकाळी रस्ते काही ठिकाणी ओलसर होते आणि वाळत चालले होते. प्रमुख प्रतिस्पर्ध्यांचा कल मऊ टायरकडे होता, लोएबने कठीण टायर घेतले. थंड, ओलसर सकाळी कठीण रबर लवकर तापत नाही, त्यामुळे सुरुवातीला धोका होता. परंतु रस्ता वाळू लागताच मऊ टायरची बाजू लंगडी पडली आणि लोएबचे टायर आपल्या पट्टीत आले. त्याने आघाडी घेतली आणि ओजिएला 2.9 सेकंदांनी मागे टाकून रॅली जिंकली. पंक्चर नाही, अपघात नाही, केवळ कोणते रबर कोणत्या तापमानाला टिकेल याचा अंदाज.

निळा_धूर

उदाहरण उत्तम आहे, पण ते टायर निवडण्याचे आहे, चालवण्याचे नाही. घाटवाट यांचा प्रश्न चालकाच्या उजव्या पायाबद्दल आहे.

चालकाने टायर राखण्याचे खरे उदाहरण पॉवर स्टेजच्या आधी दिसते. रॅलीच्या अखेरच्या स्टेजमध्ये पहिल्या पाच चालकांना 5 ते 1 असे जादा गुण मिळतात. क्रमांक निश्चित झालेला चालक रविवारी तिच्या आधीच्या स्टेज अक्षरशः फेरफटका मारल्यासारख्या करतो आणि टायर अखेरच्या स्टेजसाठी ठेवतो. प्रेक्षक म्हणून मला हा प्रकार अजिबात आवडत नाही. तिकीट काढून डोंगर चढून गेल्यावर विश्वविजेता गाडी जपत जाताना पाहावा लागतो.

सालोउकर

तिथे पूर्ण सहमती. किंचाळी तर सोडाच, घरघरही ऐकू येत नाही.

मुरूम

थोडे विषयाच्या कडेने, पण विषयातच. स्वीडनमध्ये याच्या उलट अडचण असते. तिथे अरुंद टायरमध्ये 384 खिळे बसवलेले असतात आणि पकड रबरापेक्षा खिळ्यांची असते. बर्फाचा थर टिकला तर सगळे ठीक. दुपारी खालची खडी उघडी पडली की खिळा एका जागी पकडला जातो, डोलू लागतो आणि उपटून निघतो. म्हणजे तिथेही दुसऱ्या फेरीतच टायर मरतो आणि तिथेही जो चालक गाडी कमी घसरवतो त्याचे खिळे टिकतात. उणे तापमानातही शिस्त तीच लागते, हे मला नवल वाटले.

वळणवेडी

टायर आणि उष्णता यांचा विषय निघाला आहे तर आपल्या देशाशी असलेला एक दुवा नोंदवावासा वाटतो. 2022 ची युरोपियन रॅली अजिंक्यपद स्पर्धा स्पेनच्या एफ्रेन यारेना याने जिंकली ती चेन्नईच्या एमआरएफच्या टायरवर. त्या मालिकेत कॅनरी बेटांचे डांबर होते, ऐन जुलैमधील रोमची रॅली होती आणि पोलंड-लात्व्हियाची वेगवान खडीही होती. इतक्या वेगळ्या रस्त्यांवर आणि तापमानांत चालणारी कंपाउंड बनवणे सोपे नाही. त्याआधी गौरव गिलने 2013, 2016 आणि 2017 मध्ये आशिया पॅसिफिक अजिंक्यपद मिळवले तेही याच कंपनीच्या संघातून.

कॅनरी बेटांवरून आठवले. 2025 पासून जागतिक मालिकेला हॅनकूकचे टायर आहेत आणि त्याच वर्षी ही बेटे प्रथमच जागतिक मालिकेत आली. तिथले डांबर धरून ठेवणारे आणि वळणे एकामागून एक, त्यामुळे टायरला उसंत नाही. सर्वांचे टायर सारखे असूनही टोयोटाने पहिले चारही क्रमांक घेतले. टायर सारखा असला तरी त्याच्यावर भार कसा टाकायचा हे गाडीची मांडणी ठरवते.

घाटवाट

वळणवेडी यांचे शेवटचे वाक्य मला माझ्या मूळ मुद्द्याकडे नेते. मांडणीच जर भार ठरवत असेल, तर माझे सस्पेन्शनचे कारण बाद कसे होते? खडीची गाडी उंच आणि मऊ, ती डांबरी वळणात बाहेरच्या पुढच्या चाकावर कलंडते, आणि चालक त्यामुळे सावध होतो. मला वाटते दोन कारणे वेगळी करून पाहता येतील. डुलण्याची भीती असेल तर चालक पहिल्या डांबरी पट्ट्यावर आणि शेवटच्या पट्ट्यावर सारखाच सावध असायला हवा. उष्णतेचे कारण असेल तर शेवटच्या पट्ट्यावर, पुढे राखण्यासारखे काही उरले नसताना, त्याने मोकळे सुटायला हवे.

प्रा_घर्षण

कसोटी चांगली आहे, पण तिच्यात एक गुंता आहे. शेवटच्या पट्ट्यापर्यंत टायर आधीच तापलेला असतो, म्हणून चालकाला मोकळे सुटायचे असले तरी पकड त्याला सुटू देत नाही. त्यामुळे दोन्ही कारणांतून दिसणारे चित्र सारखेच येईल.

त्याऐवजी डांबरानंतरच्या खडीकडे पाहावे. टायरमधील उष्णतेचे दोन थर मानावे लागतात. पृष्ठभागाचा अगदी वरचा थर सेकंदांत तापतो आणि थंड खडीवर गेला की तितक्याच लवकर निवतो. ठोकळ्याच्या मुळाशी आणि टायरच्या अंगात शिरलेली उष्णता मात्र सहज निघत नाही, कारण रबर उष्णतेचा वाईट वाहक आहे. डांबरी पट्टा चालकाने बेफिकिरीने पार केला तर पहिली काही वळणे तो वेळ कमावतो. पुढच्या खडीवर मात्र गाडी नाकाने बाहेर जाऊ लागते, कारण ठोकळ्यांचे मूळ मऊ पडलेले असते आणि काही ठोकळे तर सालोउकर यांनी उचलून पाहिले त्या वळणावरच राहिलेले असतात. हे नुकसान केवळ डुलण्यामुळे होणार नाही. म्हणून एकाच चालकाची डांबरी पट्ट्यातील आणि त्यानंतरच्या खडीतील विभागीय वेळ, म्हणजे स्टेजच्या त्या त्या भागाला लागलेला वेळ, शेजारी ठेवून दुसऱ्या चालकाशी ताडावी.

तुमचे सस्पेन्शनचे कारण मी बाद करत नाही. मऊ गाडी बाहेरच्या चाकावर कलंडते म्हणूनच त्या एका चाकाच्या खांद्यावरचे, म्हणजे टायरच्या बाहेरच्या कडेचे, ठोकळे बाकीच्यांच्या आधी तापतात. माझ्या आकडेमोडीत 34 किलोवॅट चार टायरमध्ये सारखे वाटलेले नाहीत. त्यातला मोठा वाटा बाहेरच्या पुढच्या टायरलाच जातो. गाडी डुलली तरी चालकाला तिची सवय होते, पण डुलल्यामुळे तापलेल्या खांद्याची सवय होऊन उपयोग नसतो.

जुनी_जिप्सी

प्राध्यापकांच्या म्हणण्याला सर्व्हिसच्या बाजूने दुजोरा देतो. चाक काढल्यावर टायर कशाने गेला हे खुणांवरून ओळखता येते. ठोकळ्यांच्या कडांना बारीक पिसासारखे रबर उभे राहिले असेल तर टायर पुरेसा तापण्याआधीच रगडला गेला. पृष्ठभागावर फोड किंवा खड्डे असतील तर उष्णता आतून आली. फक्त बाहेरच्या खांद्याचे ठोकळे गेले असतील तर भार एका बाजूला पडला, आणि तिथे चालकाला बोलण्याआधी चाकांचे कोन तपासावेत.

दूरदर्शक

घाटवाट यांच्या कसोटीसाठी 2009 ची सायप्रस रॅली पाहावी असे सुचवतो. त्या वर्षी तिथे पहिला दिवस डांबरी होता आणि तरीही सर्वांना खडीचेच टायर आणि खडीचीच मांडणी ठेवणे भाग होते. म्हणजे मऊ सस्पेन्शन आणि उंच ठोकळे दिवसभर, आणि टायर निववायला मधे खडीही नाही.

शून्य_कॅम्बर

उदाहरण उपयोगी आहे, मात्र सायप्रसचे डांबर पुष्कळ ठिकाणी घासून गुळगुळीत झालेले असते आणि त्याची पकड कातालुन्याच्या डांबराच्या पासंगालाही पुरत नाही. घर्षणांक उतरला की प्राध्यापकांच्या गुणाकारातले बलही उतरते. तिथे टायर कमी तापले असे आढळले तर त्यावरून टेरा आल्टाबद्दल निष्कर्ष काढता येणार नाही.

घाटवाट

मग सायप्रस बाजूला ठेवतो आणि प्रा_घर्षण यांची पद्धत लावून पाहतो. 2017 ते 2019 या तीन वर्षांच्या खडीच्या दिवसाच्या विभागीय वेळा मिळतात का ते शोधतो. सालोउकर, डांबरी पट्टे स्टेजच्या कोणत्या किलोमीटरला सुरू होतात आणि कुठे संपतात हे तुम्हाला जागेवरून ठाऊक असल्यास कृपया कळवावे, कारण चित्रणावरून ते अंतर नेमके मोजता येत नाही.

सालोउकर

ठिकाणे माहीत आहेत, तेव्हाचे नकाशेही घरात कुठेतरी आहेत. मात्र स्टेजची आखणी दर वर्षी थोडी बदलत असे आणि काही वर्षी ती उलट दिशेनेही घेतली जाई, म्हणून तिन्ही वर्षांची अंतरे वेगवेगळी काढावी लागतील. शनिवारी बसून यादी करतो आणि इथेच देतो.

निळा_धूर

यादीत डांबरावर चढण्याच्या त्या धारदार कडाही नोंदवाव्यात. माझा मुद्दा अजून मागे घेतलेला नाही.